दातात धरायची बॅटरी

४ ऑगस्ट

बारके,

नऊ वर्षांनी पत्र बघून छातीत धस्स करून घेऊ नकोस, कुणी मेलेलं नाही. पत्ता मावशीनं दिला. तीन फोन करायला लावले तिनं. तिसऱ्या वेळी म्हणाली, "नंबर द्यायचा नाही अशी तिनं शपथ घातलीय. पत्ता हवा तर घे. पण पत्र लिहायचा धीर तुझ्यात कुठला?" आता तिला सांग, आलं म्हणून.

खुशाली विचारत नाही. विचारली तरी तू सांगायची नाहीस, आणि मावशी न विचारता सगळं सांगते. हॉस्पिटलच्या लाँड्रीत इस्त्रीला आहेस, पोरगी बारा वर्षांची झाली, तुझ्या खांद्याला लागली. बरं आहे.

माझं काम वेगळं आहे. मला बॅटरी घ्यायची आहे. खिशात मावेल अशी, रोज जवळ बाळगायची. ती माझी पेनासारखी जुनी होती ना, तिचं बटण गेलं. चार ठिकाणी दाखवली, कुणी हात लावायला तयार नाही. फेका म्हणतात. नवी घ्यायला गेले तर दुकानदारानं काउंटरवर पंधरा मांडल्या आणि एकेकीचे गुण गायला लागला, जसं काही मी स्थळं बघायला आलेय. म्हणाला, "बाई, हिचा झोत तीनशे मीटर जातो." मी म्हटलं, "बाबा, मला तीनशे मीटरवरच्या नटीला नाही सजवायचं. नाकासमोरचा हुक लावायचाय." तर म्हणतो, "मग मोबाइलचा लाइट वापरा की." मोबाइल दातात धरून दाखव म्हटलं.

काम माझं तेच आहे. तीच नाटक कंपनी, तीच डावी विंग. स्टेजवर अंधार झाला की नटी पळत माझ्याकडं येते, चाळीस सेकंदांत एक पोशाख उतरवायचा, दुसरा चढवायचा, पाठीचे अकरा हुक लावायचे आणि ढकलून द्यायची. दोन्ही हात कामात, म्हणून बॅटरी दातात. उजेड स्टेजवर सांडता कामा नये. टाचण्या तोंडात, बॅटरी तोंडात, त्यामुळं शिव्या द्यायला जागा उरत नाही, तेवढंच कंपनीचं नशीब. अजून टाचणीबाईच म्हणतात मला.

तुला बॅटरीतलं कळतं. लहानपणी उशाशी घेऊन झोपायचीस, दिवसाढवळ्या कमरेला खोचून हिंडायचीस, मी तुला काजवा म्हणून चिडवायचे. म्हणून विचारते. एक ऑक्टोबरला नवं नाटक लागतंय, त्यात सतरा वेळा अंधार आहे. सतरा! लिहिणाऱ्याच्या घरी बिल भरलं नव्हतं बहुतेक.

एवढंच लिही की कुठली घेऊ. एका कार्डावर मावेल. बाकी काही लिहू नकोस, मीही लिहिलेलं नाही.

ताई
(आवडत नसेल तर खोड.)


१९ ऑगस्ट

बारके,

कार्ड मिळालं. चार ओळींसाठी इतकी मोठी अक्षरं काढलीस की पोस्टमनला लांबून वाचता आलं असेल. "सेलची घे, चार्जिंगची नको. चार्जिंगची एकदम मरते, सेलची आधी पिवळी पडून सांगते. बटण शेपटीला असावं. सेल आपल्या हातानं घालावेत." वर नाव नाही, खाली सही नाही. दुकानाच्या पाटीवर असतं तसं.

शेवटचं वाक्य का लिहिलंस ते मी विचारत नाही.

कार्ड यायच्या आधीच मी शहाणपणा करून बसले होते. त्या दुकानदारानं एक गळ्यात मारली, काळी, करंगळीएवढी, चार्जिंगची. एकदा दाबलं की मोठा उजेड, दोनदा दाबलं की बारीक, तीनदा दाबलं की लुकलुक. तीनदा कशाला कुणी दाबेल? पण तोंडात लाळ असते, दात घसरतो. शनिवारच्या दुपारच्या प्रयोगात, म्हातारा मरतोय, सून उशाशी बसलीय, प्रेक्षागृहात नाकं ओढल्याचे आवाज येतायत, आणि डाव्या विंगेतून लुक लुक लुक. मला बंद करता येईना. दाबीन तितकी जास्तच लुकलुकायला लागली. शेवटी झग्यात गुंडाळून वर बसले. मेलेल्या म्हाताऱ्यानं एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं. पहिल्या रांगेतलं कुणीतरी हसलं. प्रॉम्प्टर, तो तोच आहे अजून, मध्यंतरात म्हणाला, "काय टाचणीबाई, म्हाताऱ्याला न्यायला ॲम्ब्युलन्स बोलावली होती का?"

दुसऱ्या दिवशी ती मेली. एकदम. तू म्हणतेस तशी, न सांगता. सात हुक लागले होते, चार राहिले. पोरगी तशीच स्टेजवर गेली, पाठ प्रेक्षकांकडं न करता अख्खा प्रवेश काढला बिचारीनं.

मग तुझं कार्ड घेऊन त्याच दुकानात गेले. कार्डच दाखवलं त्याला. वाचून म्हणाला, "ही बाई कोण? दुकानात ठेवून घेतो." एका पेन्सिल सेलची दिली, बोटभर लांब, बटण शेपटीला, उजेड एकच. दाबलं की लागते, पुन्हा दाबलं की विझते, तिसरं काही येत नाही तिला. पत्र्याची आहे, दात आंबतात, म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला. बॅटरीच्या तोंडाला निळा कागद लावला, म्हणजे उजेड बाहेर जात नाही.

आणल्या आणल्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला, बॅटरीवर आणि सेलवरही. आपल्या कपडेपटाची रीत, खूण नसलेली वस्तू म्हणजे बेवारशी वस्तू. कात्री, सुया, बटणांची डबी, सेल, सगळं ठिपक्याचं. आता विचार करावा लागत नाही, हातच जातो बाटलीकडं. तुझी खूण निळा दोरा होती. परवा ट्रंकेच्या तळाशी सुयांची एक डबी सापडली, दोरा तसाच. डबी बाजूला ठेवली आहे, वापरत नाही.

वापरते. तुझ्या सुया चांगल्या होत्या.

बॅटरी बरी आहे. पण उजेड कमी पडतो. याहून मोठा, पण खिशात मावणारा आणि दातात बसणारा असा काही प्रकार येतो का? पूर्वी मी अर्धे हुक चाचपून लावायचे, बॅटरी नुसती शोभेला. आता तसं जमत नाही. वय झालं.

ताई


२ सप्टेंबर

बारके,

कार्डाची वाट बघितली, आलं नाही. मीही कुठं तुझ्या नुसत्या बॅटरीच्या सल्ल्यावर बसून राहणार? आता माझ्याकडं तीन आहेत. एक दातात, एक खिशात, एक किल्ल्यांच्या जुडग्यात, ती तर नखाएवढी. घराच्या जिन्यात ती लागते. जिन्यात दिवा आहे, पण कसला दिवा तो, चुलीतल्या निखाऱ्यासारखा. शेजारीण म्हणाली, "अहो, लख्ख तर आहे की." तिला काय जातंय बोलायला.

एक गोष्ट सांगते, कुणाला सांगण्यासारखी नाही म्हणून तुला सांगते. परवा तालमीत अंधार झाल्यावर मी वाळूच्या बादलीवर आपटले. आगीसाठी ठेवतात ती. केवढा आवाज! मॅनेजर खालून ओरडला, "कोण आहे ते?" मी उलट ओरडले, "ही बादली कुणी ठेवली इथं मध्ये?" सुतार धावत आला. चांगला माणूस आहे. बादलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "बाई, मी कंपनीत आल्यापासून ती तिथंच आहे." मी त्याला भर तालमीत झापलं. नंतर त्यानं बादली उचलून लांब ठेवली. त्याचा जास्त राग आला.

आता मूळ गोष्ट. नव्या नाटकात गच्ची दाखवलीय, उंच. दुसऱ्या अंकाच्या शेवटी पोरगी, म्हणजे नवी नटी, वर उभी असते, अंधार होतो आणि मागच्या पायऱ्यांनी तिला खाली आणायचं असतं. सात पायऱ्या, कठडा नाही. हात धरून आणायचं काम मॅनेजरनं मला दिलंय. म्हणाला, "टाचणीबाई, तुमच्याशिवाय कुणावर सोडू? आपल्याकडं एकदा झालंय ते पुरे." आणि लगेच जीभ चावली. मी हो म्हटलं. नाही कशाला म्हणू? नाही म्हटलं तर का ते सांगावं लागतं.

पोरगी चांगली आहे. जरा बडबडी. तिच्या कमरेचे हुक महिन्याभरात दोनदा सरकवले मी. तिनं काही सांगितलेलं नाही, मी काही विचारलेलं नाही. परवा म्हणाली, "टाचणीबाई, हल्ली जेवण जरा जास्त होतंय." मी म्हटलं, "जेवण पोटात खाली बसतं का गं, बाळे?" लाल झाली. म्हणाली, "नाटक लागू दे, मग सांगीन सगळ्यांना. नाहीतर काढून टाकतील." चौथा लागला असेल.

तर विचारायचं हे, की पायरीची कड दिसायला केवढी बॅटरी लागते? खाली धरायची की समोर? तू कशी धरायचीस? तू पायऱ्या मोजायचीस ना, की उगाच ओठ हलवायचीस?

डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊन आले. काही नाही, नंबर वाढलाय.

आपले बाबा आठवतात का? दिवेलागणीच्या आत घरात. बाहेर लग्न असो, मयत असो, माणूस संध्याकाळनंतर उंबरठा ओलांडायचा नाही. आई सगळ्यांना सांगायची, माझा नवरा घरवेडा. आपल्यालाही वाटायचं, काय माया आहे बापाची. मला हल्ली ते सारखं आठवतं. उगाच.

ताई


१४ सप्टेंबर

बारके,

या वेळी पाकीट आलं म्हणून मी हात धुऊन, दार लावून उघडलं. आत कागदभर कोरं आणि मधोमध एक ओळ.

"ताई, तुला कधीपासून दिसत नाही?"

चार दिवस झाले. कागद उशाखाली आहे. मी कुणापुढं रडत नाही, तुला माहीत आहे, त्यामुळं कुणापुढं रडले नाही.

तीन वर्षं झाली. आधी वाटलं विंगेतले दिवे खराब झालेत. मग वाटलं चष्मा. अंधार झाला की माझ्यासाठी भिंत उभी राहते, इतरांना थोड्या वेळानं दिसायला लागतं, मला लागत नाही. आणि आता बाजूचंही जातंय. डॉक्टर म्हणाला, नळीतून बघितल्यासारखं होत जाईल. नंबर वाढल्याचं मी खोटं लिहिलं. डॉक्टरलाही खोटं सांगितलं. त्यानं विचारलं, "घरात आणखी कुणाला? वडील, बहीण?" मी म्हटलं, "मला बहीण नाही." हे तुला लिहायचं नव्हतं, पण आज सगळंच लिहायचं ठरवलंय. तो म्हणाला, रक्तातून येतं. तुझ्या पोरीला डोळ्यांच्या डॉक्टरकडं ने. तू नेलंच असशील. तरी ने.

बाबा घरवेडे नव्हते, बारके. त्यांना दिसत नव्हतं.

आणि तुलाही दिसत नव्हतं. तू सांगायचीस. अंगणातून पाणी आणताना घागर आपटलीस तेव्हा सांगितलंस, परसात पडलीस तेव्हा सांगितलंस, "ताई, मला अंधारात नाही गं दिसत." आणि मी म्हणायचे, "डोळे आहेत की बटणं शिवलीत?" सगळे हसायचे. मला वाटायचं, कामचुकार आहे, नाटकं करते. मीच तुला कंपनीत आणलं, आणि मीच अंधारात उभं केलं.

आता नऊ वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळचं. तू हे वाचून कागद फाडलास तरी मला चालेल, पण शेवटपर्यंत वाचून फाड.

मध्यंतरात माझी बॅटरी पिवळी पडली. पेटीत नवे सेल नव्हते, आणायचे मी विसरले होते. तिसऱ्या अंकात माझा सगळ्यात अवघड बदल होता, आणि आधीच्या प्रयोगात एक हुक राहिला म्हणून मॅनेजर मला सगळ्यांदेखत बोलला होता. तुझी बॅटरी टेबलावर होती. तू मोठ्या बाईंची शाल आणायला गेली होतीस. मी तुझे ताजे दोन सेल काढून माझ्या बॅटरीत घातले आणि माझे गेलेले तुझ्या बॅटरीत. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. मनात म्हटलं, हिला काय, म्हाताऱ्या नटीचा हात धरून सहा पायऱ्या तर उतरायच्या, हिला कुठं हुक लावायचेत.

तू विंगेत जाऊन एकदा लावून बघितलीस. मी बघत होते. लागली. थोडे निवले की गेलेले सेलही क्षणभर लागतात, हे मला ठाऊक होतं. तरी मला हायसं वाटलं. बघ, माणूस कसं असतं.

मग अंधार झाला, आणि मोठ्या बाई पडल्या. खुबा मोडला. तो आवाज मी अजून ऐकते. पडदा पाडला, दिवे लावले, सगळे धावले. बाईंना उचलेपर्यंत तू कोपऱ्यात पाठ करून बसली होतीस. मला वाटलं रडतेस.

मॅनेजरनं विचारलं, "हिच्याकडं बॅटरी नव्हती का?" तुला नाही, मला विचारलं. मी म्हटलं, "होती की. लक्ष नव्हतं तिचं. लहानपणापासून धांदरट आहे." तू वळून माझ्याकडं बघितलंस. मला वाटलं, ताई बाजू घेईल म्हणून बघतेस. मी मान खाली घालून झग्याचा हुक शिवायला लागले. त्या हुकाला काही झालं नव्हतं.

तू एक शब्द बोलली नाहीस. बोलली असतीस तर मी खोटं रेटलं असतं, हेही लिहून ठेवते.

मी बॅटरी कुठली घेऊ म्हणून विचारत होते. दुकानात मिळेल अशी कुठलीच मला पुरणार नाही, हे तिसरी घेतानाच कळलं होतं. पण त्या पोरीचा हात धरायचा आहे एक तारखेला, आणि नाही म्हटलं तर विंग जाणार. बावीस वर्षं मी त्या विंगेत उभी आहे. बाहेर मी कोण?

ताई


३ ऑक्टोबर

बारके,

तुझं उत्तर नाही. नसू दे. घडलं ते सांगते.

आधी पोरीला सांगितलं. "माझा हात धरून उतरू नकोस." तर म्हणते, "टाचणीबाई, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे." मी म्हटलं, "तोच काढून टाक आधी. मला दिसत नाही." ती हसली, तिला वाटलं गंमत. मी विंगेतला दिवा घालवला आणि म्हटलं, "आता माझ्यापुढं बोटं धर." तिनं धरली असतील. मी नुसता तिचा श्वास ऐकत होते. दिवा लावला तेव्हा तिनं एक हात पोटावर ठेवला होता.

मग मॅनेजरकडं गेले. तो कागदांत डोकं घालून बसला होता. मी दार लावून घेतलं तर घाबरला. "काय हो, सोडून चाललात की काय?"

"मला अंधारात दिसत नाही. तीन वर्षं झाली."

"तीन वर्षं? मग काम कसं चाललंय?"

"दातात बॅटरी धरून. आणि दुसरं. मोठ्या बाई पडल्या तेव्हा माझ्या बहिणीच्या बॅटरीतले सेल मी काढले होते. तिला अंधारात दिसत नव्हतं, ती मला सांगत आली होती, आणि तरी काढले. तुम्ही तिला काढलंत. काढायचं होतं मला."

बराच वेळ पेनाचं टोपण लावत काढत बसला. मग म्हणाला, "टाचणीबाई, हे एवढं तुम्ही एक तारखेनंतर सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?" मी म्हटलं, "पोरगी बिघडली असती." त्याला कळलं नाही. नंतर पोरीनं स्वतःच सांगितलं त्याला. काढलं नाही. उलट सुतारानं दोन तासांत पायऱ्यांना कठडा ठोकला आणि प्रत्येक कडेला पांढरी पट्टी मारली. दोन तास लागतात, बारके. नऊ वर्षांपूर्वीही दोनच तास लागले असते.

विंग गेली माझी. आता दिवसा वरच्या खोलीत बसते, खिडकीशी. शिवणं, उसवणं, इस्त्री. तुझंच काम म्हण की. एक तारखेला सतरा अंधार मी खालून प्रेक्षकांसारखे बघितले. बघितले म्हणजे काय, भिंत बघितली. पोरगी कठडा धरून उतरली असेल. मी सात मोजले. पुढच्या प्रवेशात तिचा आवाज आला तेव्हा श्वास सोडला.

आणि काल मोठ्या बाईंकडं गेले. नऊ वर्षांत एकदाही गेले नव्हते. त्या खुर्चीत असतात. केस पांढरे झालेत, आवाज तोच, शेवटच्या रांगेत ऐकू जाईल असा. मी उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. नटी आहेत, दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत थांबतात.

मग म्हणाल्या, "तेव्हा का नाही बोललीस?"

"भीती वाटली."

"कसली?"

"नोकरी जाईल म्हणून."

"आणि आता गेली?"

"अर्धी."

म्हणाल्या, "नऊ वर्षं मी त्या पोरीला शिव्या घातल्या. रोज सकाळी उठताना, हे गुडघ्यावरचं पांघरूण सारताना. आता तुला पहिल्यापासून घालायला मला वेळ कुठं उरलाय?" त्यांनी बसायलाही सांगितलं नाही, आणि बरोबर केलं. निघताना म्हणाल्या, "तिचा हात गार होता त्या दिवशी. घट्ट धरला होता माझा. मी पडले तरी सोडला नाही, तीही पडली माझ्याबरोबर. हे कुणी विचारलंच नाही मला." मग थांबून म्हणाल्या, "मीही सांगितलं नाही. हे तिला लिही."

लिहिलं.

तू पडली होतीस हे मला माहीत नव्हतं. कुठं लागलं होतं गं?

ताई


११ ऑक्टोबर

बारके,

पार्सल आलं. लाँड्रीच्या कापडात गुंडाळलेलं, वर निळ्या दोऱ्यानं शिवलेलं. टाका मी ओळखला. मीच शिकवला होता.

आत तुझी बॅटरी. तीच. कडेला चेपलीय, पडली तेव्हाची. मला वाटलं, आठवण म्हणून पाठवलीस. मग शेपटी फिरवली तर जड गेली. आत दोन सेल, फुगलेले, पांढरी भुकटी आलेली. आणि दोन्हींवर माझा लाल ठिपका.

ठिपका मीच दिलेला, बारके. नऊ वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. मी सेल बदलले, खूण कशी बदलणार होते?

म्हणजे कोपऱ्यात पाठ करून तू रडत नव्हतीस. तू बॅटरी उघडली होतीस. आणि माझ्याकडं बघितलंस तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं, तुझी मूठ मिटलेली होती, ती उघडून मॅनेजरपुढं धरली असतीस तर त्याच क्षणी मी संपले असते. तू धरली नाहीस. मी काय म्हणते ते बघत राहिलीस. मग कपडे घेऊन गेलीस, आणि हे दोन मेलेले सेल आजवर जपलेस.

मी पंधरा दिवस छाती फुगवून हिंडत होते की मी केवढं मोठं सत्य सांगितलं. तुला सांगण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. तू नुसती वाट बघत होतीस.

चिठ्ठी दहादा वाचली. "तुझे सेल तुला परत. बॅटरी माझी आहे, ती मला परत हवी. पोस्टानं पाठवू नकोस, घेऊन ये. दिवसाउजेडी ये." आणि खाली, पेन बदलून, "पोरीचे डोळे चांगले आहेत. दोनदा तपासले."

हे शेवटचं वाचून मी खिडकीशी बसून सगळ्यांदेखत रडले. इस्त्रीवालीनं चहा आणून दिला. कंपनीत आता नाव बदलतील बहुतेक.

तुझी बॅटरी पुसली, आतली भुकटी काडीनं काढली, गंज घासला. नवे सेल आणले. हात सवयीनं नेलपॉलिशकडं गेला, मागं घेतला. तुझ्या डबीतला निळा दोरा गुंडाळलाय. आणि हो, सेल घातलेले नाहीत, वेगळे ठेवलेत. ते तू आपल्या हातानं घाल.

सोमवारी सकाळच्या गाडीनं निघते. दुपारी दोनला पोचते, चांगलं ऊन असेल. घ्यायला येऊ नकोस, मी विचारत विचारत येईन, विचारायला मला कधी लाज वाटली नाही, कबूल करायला वाटली.

तरी आलीसच, तर एक सांगून ठेवते. गर्दीत बाजूला उभी राहिलीस तर मला दिसायची नाहीस, मी तुझ्या अंगावरून निघून जाईन, आणि तुला वाटेल, ही तशीच आहे अजून.

अगदी समोर उभी राहा.

ताई